अनोळखी पितरांचे ऋण

भाद्रपद सरत आला की ब्रिटनमधली हवा पालटू लागते. सकाळचे ऊन तिरपे होते, झाडांची पाने कडेने तांबूस पडतात, संध्याकाळी दिवे लवकर लावावे लागतात. आणि गौरी-गणपतीची गजबज ओसरल्यावर आपल्या मराठी घरांत एक संथ, अंतर्मुख पंधरवडा येऊन बसतो. लंडन, लेस्टर, स्लाउ, मँचेस्टर कुठेही पाहावे, कुणी कामावर निघण्याआधी ताम्हनात नळाचेच पाणी घेऊन काळे तीळ सोडत असतो, कुणी पुण्या-नाशिकच्या गुरुजींना फोन लावून तिथीची खात्री करून घेत असतो, कुणी वेंब्लीच्या बाजारातून गवार, भोपळा आणि अळूची पाने आणून खीर-वड्यांचा बेत मांडत असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. म्हणजे ह्या बेटावर बसून आपल्या माणसांना पाणी देण्याची रीत आता काही पिढ्यांची झाली आहे. काढून ठेवलेला काकबळीचा घास इथला कावळाही निमूट उचलून नेतो, आणि आपले समाधान होते.

तर्पणाची ही आपली रीत मोठी उदार आहे. आधी वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. मग मामा, मावशी, सासरे, गुरू, स्नेही अशी नावे घेत घेत ती ओंजळ हळूहळू घराच्या उंबऱ्याबाहेर जाते. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणी उरले नाही, ज्यांचे गोत्र कुणाला ठाऊक नाही, जे आपले नातलग होते की नव्हते हेही सांगता येत नाही, अशा साऱ्यांसाठी शेवटी एक ओंजळ राखलेली असते. निपुत्रिक भीष्माला कुणीही पाणी द्यावे असा प्रघात आहे, आणि ज्यांची तिथीच कळली नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. रक्ताच्या नात्याचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने अनोळखी माणसाचे देणेही आपल्या विधीत लिहून ठेवावे, ही आपल्या पूर्वजांची फार मोठी समजूत म्हटली पाहिजे.

ह्याच दिवसांच्या आसपास, दर वर्षी सप्टेंबरात, ब्रिटनची आरोग्यसेवा अवयवदान सप्ताह पाळते. कधी तो पितृपंधरवड्यात येतो, कधी नवरात्राच्या तोंडावर, कधी गणपतीच्या मागेपुढे. पंचांग आणि सरकारी दिनदर्शिका ह्यांनी काही आपसांत ठरवून हे केलेले नाही. पण दोन्ही एकाच वेळी दारात उभी राहतात, तेव्हा थोडे थांबून हिशेब पाहावा असे वाटते. आपण कुणाकुणाचे देणे लागतो, आणि आपल्यामागे कुणी आपले काय देणे लागावे, हा तो हिशेब.

ह्या देशात आज हजारो माणसे परक्या माणसाच्या मूत्रपिंडावर, यकृतावर, फुप्फुसांवर किंवा हृदयावर जगत आहेत. त्यांतल्या बहुतेकांना देणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. इथला दंडकच तसा आहे: दात्याच्या कुटुंबाला आणि ज्याला अवयव मिळाला त्याला एकमेकांची ओळख सांगितली जात नाही. वय, बाई की पुरुष, एवढे कळते. मनात आलेच तर नाव-गाव वगळून पत्र लिहिता येते, अवयवदानाचे काम पाहणाऱ्या परिचारिका ते पोचते करतात, आणि दोन्ही घरांची इच्छा असेल तरच पुढे भेट होऊ शकते. अनेकजण प्रत्यारोपणाचा दिवस दुसरा वाढदिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी घरात गोडधोड होते, नातवंडे मेणबत्त्या फुंकतात; आणि त्याच तारखेला, फार तर एका दिवसाच्या अंतराने, दुसऱ्या कुठल्या तरी गावात एका फोटोला हार घातला जात असतो. एकाच तिथीला एका घरी पुण्यस्मरण आणि दुसऱ्या घरी वाढदिवस! ज्याला नाव नाही, गोत्र नाही, तरी ज्याच्यामुळे आपण आहोत, अशा माणसाला पितर म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

क्वचित ही दोन घरे एकमेकांना सापडतात. ३० जुलै २०१७ रोजी डेव्हन परगण्यात एका मोटार अपघातात कियरा बॉल ही नऊ वर्षांची मुलगी मरणोन्मुख जखमी झाली. आई आणि धाकटा भाऊही त्याच गाडीत होते आणि तेही गंभीर जखमी होते. कियराला ब्रिस्टलच्या मुलांच्या रुग्णालयात नेले, आईला प्लिमथला. मुलगी आता परत येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, तिचे अवयव दुसऱ्यांना देता येतील का, असे तिच्या शाळकरी बहिणीनेच विचारले. वडिलांनी होकार दिला. त्या होकाराने चार जणांचे प्राण वाचले. त्यांतला एक होता चेशरचा मॅक्स जॉन्सन, तोही नऊ वर्षांचा. विषाणूच्या संसर्गाने त्याचे हृदय निकामी होऊन न्यूकॅसलच्या फ्रीमन रुग्णालयात तो यंत्राच्या आधाराने महिनोन् महिने वाट पाहत होता. पुढे दोन्ही कुटुंबांनी एकमेकांना शोधून काढले. कियराच्या आईने मॅक्सच्या छातीला स्टेथोस्कोप लावून आपल्या लेकीच्या हृदयाचे ठोके ऐकले. डॉ. रेचल क्लार्क ह्यांनी ह्या साऱ्या प्रवासावर लिहिलेल्या ‘द स्टोरी ऑफ अ हार्ट’ ह्या पुस्तकाला २०२५ साली वाङ्मयाचा मोठा पुरस्कारही मिळाला. आणि त्याआधीच, २० मे २०२० पासून, इंग्लंडमध्ये एक नवा कायदा लागू झाला होता. त्याला लोक ‘मॅक्स आणि कियराचा कायदा’ म्हणतात.

हे एवढे सहज घडते असे आज वाटते, पण त्यामागे दोन शतकांहून अधिक काळाची साधना आहे, आणि तिचे एक टोक आपल्या पुण्यात आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजी फौजेच्या बैलगाडीवर काम करणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते, आणि पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, अशी ती हकीकत. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू ह्या शल्यवैद्याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली, आणि युरोपात त्वचारोपणाची विद्या पुन्हा रुजू लागली. ज्याच्या हाताने हे झाले त्या मराठी कारागिराचे नाव मात्र त्या पत्रात नाही. विद्येच्या ह्या वंशावळीतही एक अनोळखी पितर बसलेला आहे.

स्वतःची कातडी स्वतःला लावणे एक, आणि परक्याचा अवयव अंगात टिकवणे वेगळे. शरीर परक्याला ओळखते आणि बाहेर काढू पाहते. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्यांवर परक्याची कातडी का टिकत नाही ह्याचा माग काढता काढता पीटर मेडावर ह्यांनी त्या नकाराचे शास्त्र उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९६०चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात एडिंबरामध्ये मायकेल वुडरफ ह्यांनी एकाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला लावले. जुळेच ते, म्हणून शरीराने तक्रार केली नाही. जुळे नसलेल्यांसाठी औषधाची वाट काढावी लागली. केंब्रिजच्या रॉय कॅन ह्यांनी त्या कामात आयुष्य घातले. १९६८ साली त्यांनी युरोपातले पहिले यकृतारोपण केले आणि पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध रुग्णांपर्यंत आणण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

हृदयाच्या बाबतीत तर लंडनच्या आधी मुंबईचा क्रम लागतो. केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिले हृदय बसवले, आणि अवघ्या काही आठवड्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी तो प्रयत्न केला. लंडनमध्ये डॉनल्ड रॉस ह्यांची शस्त्रक्रिया त्यानंतर, ३ मे रोजी झाली. मुंबईचा रुग्ण काही तासच जगला, लंडनचा काही आठवडे. पण पुढच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्रिटनने थांबून, शिकून, १९७९ मध्ये पॅपवर्थला टेरेन्स इंग्लिश ह्यांच्या हातून आणि मग हेअरफील्डला मॅग्दी याकूब ह्यांच्या हातून ते काम पुन्हा उभे केले. हेअरफील्डला १९८२ साली हृदय मिळालेले जॉन मॅकॅफर्टी त्यानंतर तेहतीस वर्षे जगले. मुंबईला मात्र यशासाठी २०१५ उजाडावे लागले. त्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेले हृदय डॉ. अन्वय मुळे ह्यांनी मुलुंडच्या रुग्णालयात एका तरुणाच्या छातीत बसवले. मधली सत्तेचाळीस वर्षे कौशल्याअभावी गेली नाहीत. हृदय धडधडत असले तरी मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यूच, हे सांगणारा कायदा भारतात १९९४ साली झाला. महाराष्ट्र आणि गोवा तो सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत होते, तरीही देशात मृत्यूनंतर अवयव देणारे आजही दहा लाखांमागे एकसुद्धा भरत नाहीत. ब्रिटनमध्ये ते वीसच्या आसपास आहेत. शल्यवैद्य दोन्हीकडे तितकेच कुशल आहेत. उणीव आहे ती होकारांची.

अवयव मिळाला म्हणजे गोष्ट संपली असे मानण्याची आपल्याला सवय आहे, कारण वर्तमानपत्रे तिथेच थांबतात. खरे तर तिथून एक व्रत सुरू होते. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी टॅक्रोलिमससारख्या गोळ्या घ्यायच्या, त्या जन्मभर. शरीराने नव्या पाहुण्याला हुसकावू नये म्हणून त्याचा पहारा सैल ठेवायचा, आणि पहारा सैल म्हणून साध्या सर्दी-खोकल्यालाही भ्यायचे. ग्रेपफ्रूट आणि आपले पपनस वर्ज्य, कारण ती औषधाचे प्रमाण बिघडवतात. उन्हात जपायचे, कच्चे-शिळे टाळायचे, रक्ततपासणीच्या तारखा सणावारासारख्या ध्यानात ठेवायच्या. मिळालेले मूत्रपिंड ओटीपोटात, मांडीच्या वर बसवलेले असते, आणि थकलेली जुनी दोन बहुधा आपापल्या जागी तशीच राहतात. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला पुन्हा पोटभर पाणी पिता येणे, हे काय सुख आहे ते तोच जाणे. नव्या हृदयाचे तर आणखी नवल. काढताना त्याच्या नसा तोडाव्या लागतात, त्यामुळे मेंदूचा निरोप त्याला आधीसारखा लगेच पोचत नाही. माणूस घाबरला, धावला, तरी ते रक्तातल्या रसायनाची वाट पाहून सावकाश वेग घेते, आणि निजलेल्या माणसाच्या छातीतही नेहमीपेक्षा जरा भरभर चालते. दुसऱ्याच्या घरात राहूनही त्याने आपली चाल सोडलेली नसते.

आणि तरी ही माणसे जगतात, नुसती तग धरून नव्हे तर उमेदीने. १९७८ साली पोर्ट्समथला मॉरिस स्लापाक ह्या शल्यवैद्यांच्या पुढाकाराने प्रत्यारोपण झालेल्यांचे क्रीडामहोत्सव सुरू झाले. आज त्यांचे जागतिक सामनेही भरतात. कालपर्यंत जिना चढताना धापा टाकणारी माणसे तिथे धावतात, पोहतात, बॅडमिंटन खेळतात. त्या मैदानावर दात्यांची कुटुंबेही येतात. पदकांचा हिशेब तिथे दुय्यम असतो. दिलेले वाया गेले नाही, हे डोळ्यांनी पाहता येते, ते महत्त्वाचे.

आता आपल्याकडे वळू. ब्रिटनमध्ये अवयवाची वाट पाहणाऱ्यांची यादी अलीकडे आठ हजारांच्या वर गेली आहे. त्या यादीत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाहून पुष्कळ अधिक आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे आपल्या घरांतले जुने भाडेकरू. मूत्रपिंडे ते हळूहळू पोखरतात. रक्तगट आणि ऊतींची जुळणी आपल्याच वंशाच्या माणसाशी अधिक चांगली होण्याचा संभव असतो, आणि ‘ब’ रक्तगट आपल्यात इथल्या गोऱ्या समाजापेक्षा जास्त. म्हणून आपल्या माणसाला वाट अधिक काळ पाहावी लागते. आणि नेमके आपल्याच घरांतून होकार कमी येतात: साऱ्या देशात दहांतली सहाएक कुटुंबे हो म्हणतात, वांशिक अल्पसंख्याकांत मात्र निम्मीसुद्धा म्हणत नाहीत. घेणाऱ्यांच्या रांगेत पुढे आणि देणाऱ्यांच्या रांगेत मागे, हे चित्र आपल्याला शोभणारे नाही.

नकारामागे दुष्टपणा नसतो, भीती असते, आणि ती समजून घ्यायला हवी. उपचार अर्धवट सोडतील, ही पहिली भीती. इथे उपचार करणारे डॉक्टर वेगळे आणि प्रत्यारोपण करणारे वेगळे असतात. दानाचा विषय वाचण्याची आशा संपल्यावरच निघतो, आणि मेंदूस्तंभाच्या मृत्यूची खात्री दोन अनुभवी डॉक्टर दोनदा तपासून करतात. देह विद्रूप होईल, ही दुसरी. शस्त्रक्रिया इतर कुठल्याही शस्त्रक्रियेसारखीच निगुतीने होते, टाके घातले जातात, देह घरच्यांच्या स्वाधीन होतो; अंघोळ, नवे वस्त्र, तुळशीपत्र, गंगाजल काहीच अडत नाही. विधीला उशीर होईल, ही तिसरी. ब्रिटनमध्ये दहनाची वेळ मिळायला एरवीही दिवस जातात, हे आपण अनुभवाने जाणतो. आणि ज्या हृदयाला, ज्या मूत्रपिंडाला आपण चार दिवसांनी अग्नीच्या हवाली करणारच असतो, ते त्याआधी कुणाच्या तरी लेकराला मिळाले तर अग्नीचा कुठला मान उणा होतो? नोंदणी करताना, ‘माझ्या श्रद्धेला धरून हे कसे करता येईल ते घरच्यांशी बोला’ असे लिहून ठेवण्याचीही सोय इथे आहे. इथल्या जैन आणि हिंदू संघटनांनी एकत्र येऊन ह्यासाठी एक आघाडीही उभी केली आहे.

अशा वेळी दधीचीचे नाव निघतेच, आणि निघायलाही हवे. पण त्या कथेतली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. देव दधीचीकडे मागायला आले तेव्हा तो शुद्धीवर होता; त्याने प्रश्न ऐकला आणि आपल्या तोंडाने होकार दिला. आपल्या काळात मागणी येते तेव्हा देणारा बोलण्याच्या पलीकडे गेलेला असतो. अतिदक्षता विभागाबाहेरच्या लहानशा खोलीत, रात्री-अपरात्री, कुणी परिचारिका अतिशय हळुवारपणे विचारते, “त्यांची इच्छा काय होती?” आणि जन्मभर एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. घर कसे घ्यावे, मुलांनी काय शिकावे, लग्नात किती माणसे बोलवावीत, सारे बोलून झालेले असते. एवढी एक गोष्ट राहून गेलेली असते. मग सगळ्यात सोपे उत्तर दिले जाते, आणि ते बहुधा नाही असे असते.

कायद्याने हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. २०१५ मध्ये वेल्सने, २०२० मध्ये इंग्लंडने, २०२१ मध्ये स्कॉटलंडने आणि २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडने तो बदल केला: प्रौढ माणसाने हयातीत नकार नोंदवला नसेल तर त्याची संमती आहे असे गृहीत धरायचे. पण ह्या गृहीतालाही मर्यादा आहेत. अठरा (स्कॉटलंडमध्ये सोळा) वर्षांखालच्या मुलांना ते लागू नाही. इथे राहून बारा महिने झाले नसतील त्यांनाही नाही, म्हणजे नातवंडे पाहायला सहा महिन्यांसाठी आलेले आपले आई-बाबा त्यात येत नाहीत. आणि ज्यांना लागू आहे त्यांच्याही घरच्यांना विचारल्यावाचून इथले डॉक्टर पुढे जात नाहीत. परिणाम असा की कायदा आल्यानंतर इंग्लंडमध्ये कुटुंबांचे होकार वाढण्याऐवजी काहीसे घटलेच. ज्यांची इच्छा नोंदवलेली आणि घरी ठाऊक असते त्यांची कुटुंबे मात्र दहांत नऊ वेळा ती पाळतात. आणि गंमत पाहा: ज्या दोन मुलांचे नाव कायद्याला मिळाले, त्यांतल्या कियराला तो लागूच पडला नसता, नऊ वर्षांची ती. तिच्या बाबतीत जे घडले ते घरातल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नामुळे आणि वडिलांनी दिलेल्या उत्तरामुळे घडले. कायदा दार उघडून ठेवतो. आत माणसांनाच जावे लागते.

आपली स्थिती तर आणखी गुंतागुंतीची. मुलगा रेडिंगला, सून ऑन-कॉलवर, आई-बाबा कोथरूडला, बहीण टोरोंटोला. निर्णयाच्या घडीला फोनच्या पडद्यावर सगळे एकत्र येतात आणि वडीलधाऱ्यांचा शब्द राखायचा म्हणून तरुण गप्प बसतात. म्हणून हे बोलणे आधी व्हायला हवे, आणि ते फक्त इथल्या इथे होऊन चालणार नाही. “आई, माझं असं ठरलंय, आणि तू त्याच्या आड येऊ नकोस,” हे वाक्य एकदा तिकडे पोचले पाहिजे. ऐकणाऱ्याला ते अशुभ वाटेल. “असलं काही बोलू नये,” असे ती म्हणेल. तिला म्हणू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावे. मृत्युपत्र केल्याने मरण ओढवत नाही हे आपल्या वडिलांच्या पिढीने सावकाश मान्य केले, हेही होईल.

जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांचे मोल ह्याने कमी होत नाही. ब्रिटनमध्ये दर वर्षी शेकडो माणसे ते देतात. काही तर कुणा अनोळखी माणसाला देतात. जोडीदाराशी जुळत नसेल तर दोन-तीन जोड्यांमध्ये अदलाबदल घडवून आणणारी योजनाही २००७ पासून इथे आहे. पण आपल्या समाजात ह्या दानाला एक बोचरी कड आहे. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आणि घेणाऱ्यांत पुरुष. आईने, बायकोने द्यायचे हे जणू ठरलेलेच. तिला विचारण्याचाही कधी कधी विसर पडतो. त्या माउल्यांच्या त्यागाला नमस्कार करावा, आणि त्याच वेळी हेही ओळखावे की मृत्यूनंतरचे दान वाढले तर कितीतरी बायकांच्या अंगावरची ही न बोललेली सक्ती आपोआप उतरेल.

ऋणाची आपली कल्पना अशी आहे की ते ज्याचे त्याला परत करता येत नाही. आई-वडिलांचे ऋण आपण मुलांना वाढवून फेडतो, गुरूचे ऋण शिष्याला शिकवून. परक्याच्या हृदयावर जगणारा माणूस त्या परक्याला काय परत देणार? तो गोळ्या वेळेवर घेतो, अंग जपतो, कामाला जातो, लेकरांना शाळेत सोडतो आणि मिळालेला दिवस वाया घालवत नाही. त्याची फेड तीच. पण हे ऋण एकट्या त्याचे नाही. आपल्यापैकी कुणाच्या तरी मामाला, शेजाऱ्याला, कार्यालयातल्या सोबत्याला आज ना उद्या अशा होकाराची गरज पडणार आहे, आणि तो होकार कुठल्या तरी अनोळखी घरातून यावा अशी आशा आपण करणार आहोत. आपल्या घरातूनही तो जाऊ शकेल अशी व्यवस्था करणे, हे त्या आशेचे आगाऊ मोल आहे.

संधी तशी दुर्मीळ असते, हेही ध्यानात ठेवावे. ब्रिटनमध्ये मरणाऱ्या शंभरांत जेमतेम एकाचा मृत्यू अशा परिस्थितीत होतो की त्याचे अवयव दुसऱ्याच्या कामी यावेत. म्हणून प्रत्येक होकार मोलाचा, आणि एकेका दात्याकडून नऊ जणांपर्यंत प्राण वाचू शकतात. नोंदणीला वयाची वरची मर्यादा नाही. मधुमेह आहे, चष्मा आहे, सत्तरी उलटली आहे, म्हणून आपणच आपल्याला बाद करू नये. काय चालते आणि काय नाही ते त्या वेळी डॉक्टर पाहतील. ज्यांना नको असेल त्यांनी नकारही जरूर नोंदवावा. स्पष्ट नकार हा संदिग्ध मौनापेक्षा घरच्यांवर अधिक दया करणारा असतो.

तेव्हा हा सप्ताह संपण्याआधी दोन कामे करू या. एनएचएसच्या अ‍ॅपवर किंवा फोनवरून आपला निर्णय नोंदवू या, आणि तो घरी, इथे आणि तिकडे, नाव घेऊन, मोकळेपणाने सांगू या; घरच्यांचा निर्णयही विचारून घेऊ या. पहिल्या कामाला दोन मिनिटे लागतात. दुसऱ्याला धीर लागतो, पण खरे दान त्या दुसऱ्या कामावरच अवलंबून आहे.